विशाळगडचं कंदीलपुष्प ‘नवं’ म्हणजे किती नवं?

विशाळगडावर सापडलेली कंदीलपुष्पाची नवी जात 2023 साली जाहीर झाली. शिवरायांच्या नावावरून तिचं ‘सेरोपेजिया शिवरायीना’ असं बारसं झालं. मग नेहमीचा प्रश्न आलाच: गडावर शेकडो वर्षं माणसांचा राबता आहे, हे झाड आत्ताच कुठून उगवलं?

उगवलं नाही, होतंच. जात घडायला सहसा हजारो-लाखो वर्षं लागतात. नवी असते ती नोंद, आणि ती सोपी नसते. कोल्हापूरच्या न्यू कॉलेजचे अक्षय जंगम, डॉ. नीलेश पवार आणि सहकाऱ्यांनी केलं ते असलं काम. फुलाची नळी मोजायची, तिच्या आतले केस पाहायचे, पाकळ्यांची टोकं वर जुळून जो पिंजरा होतो त्याची ठेवण टिपायची, मग माहीत असलेल्या भाऊबंदांशी सगळं ताडून पाहायचं. वाळवलेला नमुना कायमचा जपून ठेवायचा आणि वर्णन छापायचं. 2011 अखेरपर्यंत ते लॅटिनमध्येच लिहावं लागे. आता इंग्रजी चालतं. मराठीचा नंबर कधी लागेल कोण जाणे!

असे शोध निबिड अरण्यातच लागतात, हेही खरं नाही. विशाळगडाच्याच शाहूवाडी तालुक्यातल्या आंबा गावातून 2019 मध्ये पालीची एक नवी जात नोंदली गेली. तिच्या नावातच ‘अंबा’ आहे. आणि ज्या सड्यांना, म्हणजे कातळाच्या पठारांना, आपण पडीक म्हणून बॉक्साइटसाठी खणायला देतो, त्या कातळावर पावसाळ्यात काय काय फुलतं ते एकदा जाऊन पाहावं.

कंदीलपुष्पाबद्दलचा सगळ्यात मजेदार समज म्हणजे ते माशा खातं. माशी अडकते, इथवर खरं. वासाला भुलून ती नळीत घसरते. आतले केस खाली वळलेले, त्यामुळे उतरता येतं, चढता येत नाही. तळाच्या फुगीर कोठडीत ती धडपडत असताना परागांची जुळी पिशवी तिच्या सोंडेला चिकटते. पुढे केस कोमेजतात, फूल कलतं आणि पाहुणी सुटते. पचवणं वगैरे काही नाही. फुकटात टपालाचं काम करून घेणं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंदीलपुष्पाची लबाडी तर 2016 मध्ये उघड झाली. जखमी मधमाशीसारखा वास सोडून ते तिच्यावर ताव मारायला येणाऱ्या माशांना फसवतं.

कोण कुणाचं भाऊबंद हे ठरवताना ‘डीएनए तपासला की निकाल लागला’ असंही म्हणतात. उलट डीएनएनेच भांडण लावलंय. 2017 मध्ये काही अभ्यासकांनी माकडशिंगासारख्या मांसल वनस्पतीही सेरोपेजिया या प्रजातीतच घालाव्यात असं सुचवलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही.

दुर्मीळ म्हणजे औषधी, हे समीकरण मात्र सरळ घातक आहे. कंद उपटला की झाडच गेलं. फोटोबरोबर नेमकी जागा टाकणाऱ्यांनीही जरा आवरावं.

विशाळगडच्या फुलात कोणती माशी शिरते आणि तिला कसल्या वासाची भूल पडते, हे कळायला प्रयोगशाळेआधी भर पावसात गडावर भिजत बसणारं कुणीतरी लागेल.