अवरक्त छायाचित्रण : रंग खरा कोणता ?

भर दुपारचें चित्र. पण आकाश काळेंभोर आणि वडाचें झाड मात्र बर्फ पडल्यासारखें पांढरेंशुभ्र! असें छायाचित्र पाहिलें म्हणजे पाहणारा प्रथम त्यास चमत्कार समजतो आणि मग लबाडी. वस्तुतः तें दोन्ही नव्हे. मनुष्याच्या डोळ्यास जो प्रकाश दिसत नाहीं, त्या प्रकाशानें काढलेलें तें चित्र होय.

या प्रकाशाचा शोध १८०० सालीं विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें लावला. लोलकांतून पडलेल्या सप्तरंगी पट्ट्यांत त्यानें उष्णतामापक ठेवले. तों तांबड्याच्याही पलीकडे, जेथें डोळ्यास कांहींच दिसत नव्हतें, तेथें उष्णता अधिक भरली! हेच अवरक्त किरण. पुढें १९१० सालीं रॉबर्ट वुड या अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्त्यानें या किरणांनीं टिपलेलीं निसर्गदृश्यें प्रसिद्ध केलीं.

पानें पांढरीं कां दिसतात ? हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेतें. अवरक्त किरणांना मात्र तें पारदर्शक असतें. हे किरण पानाच्या आंत शिरतात आणि पेशी व त्यांमधील हवेच्या पोकळ्या यांवरून माघारी फिरतात. साखर किंवा बर्फ पांढरें दिसतें तें याच न्यायानें. उलट, हवेंत निळा प्रकाश विखुरतो तसे हे लांब लहरींचे किरण फारसे विखुरत नाहींत. म्हणून आकाश काळें. असें चित्र उष्णतेचें असतें, हा मात्र गैरसमज होय. त्यास लागणारे किरण सुमारें ७०० ते ९०० नॅनोमीटरचे. मनुष्यदेहाची उष्णता याहून दहापट लांब लहरींनीं बाहेर पडते.

डिजिटल कॅमेऱ्यांतील सिलिकॉनचा संवेदक मुळांतच हे किरण ओळखतो. रंग बिघडूं नयेत म्हणून कारखानदार त्यापुढें ते अडविणारी कांच बसवितात. तरीही थोडा प्रकाश झिरपतोच. भिंगावर ७२० नॅनोमीटरची काळसर तांबडी कांच लावून कॅमेरा तिवईवर कांहीं सेकंद उघडा ठेवला, तर पुष्कळदां तेवढा प्रकाश चित्रास पुरतो.

चित्र मिळालें, तरी खरा प्रश्न पुढेंच आहे. न दिसणाऱ्या प्रकाशास रंग नाहीं; तो द्यावा लागतो. कोणी चित्र कृष्णधवल ठेवितो. कोणी संगणकावर तांबड्या व निळ्याची अदलाबदल करून आकाश निळें करतो. कोडॅकच्या एरोक्रोम फिल्मवर अवरक्तास तांबडा, तांबड्यास हिरवा आणि हिरव्यास निळा रंग मिळे. दुसऱ्या महायुद्धांत याच जातीची फिल्म शत्रूचीं झांकणें ओळखण्यासाठीं होती. कारण साधा हिरवा रंग फांसलेलें कापड जिवंत झाडीप्रमाणें तांबडें उमटत नसे.

तीच युक्ति शेतीच्याही उपयोगी पडली. १९७० सालीं पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकारानें केरळांतील नारळबागांचीं हेलिकॉप्टरमधून अवरक्त चित्रें घेण्यांत आलीं. मुळांच्या रोगानें पछाडलेलीं झाडें रंगाच्या फरकावरून वेगळीं काढावीं, हा त्यामागील हेतु. भारतांतील दूरसंवेदनाचा आरंभ याच प्रयोगापासून मानतात.

अशा चित्रांतील तांबडा रंग खोटा खरा. पण ठरलेला आहे, आणि म्हणूनच तो वाचतां येतो. सौंदर्यासाठीं तो कोणीं गडद केला, तर चित्र देखणें होईल; रोगी झाड मात्र त्यांत हरवेल. दिवाणखान्यांतील चित्रास ही मोकळीक शोभते. पुरावा म्हणून मांडलेल्या चित्राखालीं मात्र कोणत्या किरणास कोणता रंग दिला, ही एक ओळ असलीच पाहिजे.