कॅम्पर ट्रेलर घेताय? शेवटचा हप्ता देण्याआधी वजनकाटा गाठा

लोणावळा लोकलने जाणाऱ्यांना देहूरोड आणि घोरावाडीच्या मधलं बेगडेवाडी स्टेशन माहीत असेल. तिथेच माझ्या आत्याचं घर आहे आणि यंदा मे महिन्यात आतेभावाने, म्हणजे दादाने, एक कॅम्पर ट्रेलर बुक केला. दारात डबल कॅब पिकअप होतीच. ट्रेलर मागे लावायचा आणि आत्या, आतोबा, वहिनी असे चौघं गणपतीला कोकणात जायचं, असा बेत. डिलिव्हरीच्या आठवड्यात दादाचा फोन आला, "तू इंजिनियर आहेस ना, चल बघायला." मी दिवसभर हिंजवडीत बसून कोड लिहितो, पण घरच्यांसाठी इंजिनियर म्हणजे इंजिनियर.

गेलो. आणि त्या दिवशी जे समजलं त्यामुळे शेवटचा हप्ता आम्ही खिशातच ठेवला. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारचं कॅराव्हान पर्यटन धोरण आल्यापासून या गाड्यांबद्दल विचारणारे वाढलेत. पण बहुतेक व्हिडिओ आतले पलंग आणि पडदे दाखवतात. आपण जरा खालचं बघू.

"ओढेल की आरामात!"

दादाचं गणित सोपं होतं. ब्रोशरमध्ये ट्रेलरचं वजन ८०० किलो, पिकअपचं इंजिन दणकट, मग प्रश्नच काय? प्रश्न हा की ओढणं हे या जोडीतलं सगळ्यात सोपं काम आहे. अवघड कामं दोन: ट्रेलर पिकअपवर जे वजन टाकतो ते पेलणं, आणि दोघांना मिळून थांबवणं.

हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको खरं तर. कर्जतहून लोणावळ्याकडे येणाऱ्या गाडीला बोरघाटात ३७ला १ असा चढ लागतो, म्हणून मागून बँकर इंजिनं लावतात. हे सगळ्यांना दिसतं. पण उतरणाऱ्या गाड्या घाटात ब्रेक तपासायला मुद्दाम थांबवतात, याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही.

तर आधी आकडे. पिकअपच्या कागदावर दोन वजनं असतात: रिकाम्या गाडीचं आणि ग्रॉस व्हेईकल वेट, म्हणजे सगळ्यासकट जास्तीत जास्त किती. दादाच्या गाडीचे हे आकडे साधारण १,९०० आणि २,५०० किलो. म्हणजे ६०० किलो आपल्या हातात. त्यात चार माणसं २८०, सामान ११०, ट्रेलर जोडायची लोखंडी फ्रेम ३०. उरले १८० किलो, आणि ट्रेलर अजून जोडलेलाच नाही.

तिसरा आकडा मॅन्युअलमध्ये बघायचा: गाडी किती वजन ओढू शकते. तो ब्रेक असलेल्या आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी वेगवेगळा असतो. दादाच्या मॅन्युअलमध्ये ब्रेकवाल्यासाठी १,५०० आणि बिनब्रेकवाल्यासाठी ७५० किलो होते. तुमच्या मॅन्युअलमध्ये आकडाच नसेल, तर कंपनीकडून लेखी घ्या. परदेशात त्याच नावाची गाडी साडेतीन टन ओढते म्हणून आपलीही ओढेल, असं समजू नका. तिकडची चासी, कूलिंग, गिअरचं प्रमाण वेगळं असू शकतं.

आता ट्रेलरचे ८०० किलो. ते रिकाम्या सांगाड्याचे. छतावरचा एसी ३५, इन्व्हर्टर आणि दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या मिळून १००, टाकीतलं १०० लिटर पाणी म्हणजे सरळ १०० किलो, घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर ३०च्या आसपास, बाहेरचं छप्पर २५, गाद्या-भांडी-खुर्च्या ५०. बेरीज १,१४०. आणि ट्रेलरच्या प्लेटवर मर्यादा लिहिलेली १,१०० किलो! म्हणजे कारखान्याने दिलेल्याच सगळ्या सोयी वापरल्या तर गाडी पहिल्याच दिवशी ओव्हरलोड.

काट्यावरची तीन वजनं

बेरजेवर विश्वास ठेवण्यापेक्षा वजन करून बघावं, म्हणून आम्ही ट्रेलर पूर्ण भरला, घरच्यांना पिकअपमध्ये बसवलं आणि हळूहळू जवळच्या वजनकाट्यावर गेलो. वाळूच्या हायवांच्या रांगेत आमची वरात बघून काटेवाल्याची चांगली करमणूक झाली. करायचं असं:

पहिलं वजन फक्त पिकअपचं, माणसांसकट: २,३२०. दुसरं, ट्रेलर जोडून दोन्ही गाड्या काट्यावर: ३,४६०. वजाबाकी केली की ट्रेलर: १,१४०. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. ट्रेलर जोडलेलाच ठेवायचा, पण काट्यावर फक्त पिकअपची चाकं, ट्रेलरची चाकं बाहेर. आमचं आलं २,३७०. पहिल्या वजनापेक्षा ५० जास्त. हे ५० किलो म्हणजे ट्रेलरचं नाक पिकअपच्या हुकावर टाकतंय तो भार, ज्याला नोज वेट म्हणतात.

वजनकाटा १० किंवा २० किलोच्या टप्प्यात दाखवतो, त्यामुळे ५० सारख्या छोट्या आकड्यात चूक मोठी पडते. घरी आल्यावर सपाट जागेवर ट्रेलरच्या नाकाखाली हुकाच्याच उंचीचा लाकडी ठोकळा आणि त्याखाली आपला बाथरूमचा वजनकाटा ठेवून पुन्हा मोजलं. ४९. ठीक.

१,१४० पैकी ५० म्हणजे ४.४ टक्के. युरोपात साधारण ५ ते ७ टक्के धरतात, अमेरिकेत १० ते १५. आम्ही दोन्हींच्या खाली होतो. दादा म्हणाला, "कमी आहे ना, मग चांगलंच की, गाडीवर लोड कमी." इथेच सगळे फसतात.

नाक हलकं म्हणजे शेपूट जड. बाजूने लक्झरी बस गेली, हवेचा धक्का बसला, की ट्रेलर डावी-उजवीकडे डोलायला लागतो. शेपूट जड असेल तर हा डोल आपोआप मरत नाही आणि ठरावीक वेगाच्या पुढे प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा होतो. शेवटी ट्रेलर पिकअपची मागची चाकंच फिरवतो. असं झालं तर स्टीअरिंगने डोल 'पकडायला' जाऊ नका आणि जोरात ब्रेकही नको. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा, वेग उतरू द्या.

उलट टोकही वाईट. हूक मागच्या अ‍ॅक्सलच्या सव्वा मीटर मागे आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर सव्वातीन मीटर असेल, तर नाकावरच्या १०० किलोने मागच्या अ‍ॅक्सलवर जवळपास १४० किलो पडतात आणि पुढचा अ‍ॅक्सल ४०ने हलका होतो. पोरांच्या सी-सॉचंच गणित. म्हणून पिकअपच्या हौद्यात सामान मागे न रचता केबिनला चिकटून ठेवायचं.

आमच्या ट्रेलरमध्ये दोषी होती पाण्याची टाकी. ती चाकांच्या १.२ मीटर मागे, आणि चाकांपासून नाक ३.२ मीटर पुढे. १०० किलो गुणिले १.२ भागिले ३.२ केलं, तर नाकावरून साडेसदतीस किलो ही टाकीच उचलत होती. टाकी रिकामी केली तर ट्रेलर १,०४० आणि नाक ८८, म्हणजे साडेआठ टक्क्यांच्या जवळ. एका नळाने सगळं बदललं. कारखानदाराला टाकी चाकांच्या वर सरकवायला सांगितली. तो आधी "साहेब, सगळ्यांना असंच देतो" म्हणाला, मग कागदावरचं गणित बघून तयार झाला.

ब्रेकचा विषय

१,०४० असो की १,१४०, दोन्ही आकडे ७५०च्या वर. आणि दादाने पैसे वाचवायला ट्रेलरचे ब्रेक घेतलेच नव्हते! 'पर्यायी' म्हणून यादीत शेवटी होते, पडद्यांच्या खाली. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. आपल्याकडेही ट्रेलरच्या वर्गवारीत टी-१ची हद्द ७५० किलोलाच संपते, तिथून साडेतीन टनांपर्यंत टी-२.

लोणावळ्यावरून खोपोलीला उतरताना उंची सुमारे ५५० मीटर कमी होते. ३,४६० किलो तेवढं खाली आणायचं म्हणजे जवळपास १८६ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची. तेवढ्या उष्णतेत साधारण ५५ लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळेपर्यंत नेता येईल. काही भाग हवा आणि इंजिन खातं, म्हणून घाटात खालचा गिअर. बाकीची सगळी ब्रेकमध्ये. ट्रेलरला ब्रेक नसतील तर ती पिकअपच्या चार चाकांनी एकट्याने झेलायची, आणि पावसात वळणावर मागून हजार किलोचा धक्का असतोच.

अशा ट्रेलरवर साधारणपणे ओव्हररन ब्रेक बसवतात: पिकअप हळू झाली की ट्रेलर तिला ढकलतो, त्या ढकलण्याने नाकातला दांडा दाबला जाऊन ट्रेलरचे ब्रेक लागतात. साधी आणि हुशार युक्ती. पण लांब उतारावर ते सतत थोडे लागलेले राहून तापतात, तेव्हा मध्ये थांबून चाकाजवळ हात नेऊन बघावा. आणि रिव्हर्स घेताना ते लागत नाहीत ना, हे कारखान्याच्या आवारातच तपासा.

बाकीची तपासणी

हुकाचा गोळा ५० मिलिमीटरचा आहे की दोन इंची, म्हणजे ५०.८, ते कोरलेला आकडा वाचून बघा. डोळ्याला फरक कळत नाही, कपलिंगला कळतो. सुरक्षा साखळ्या दोन, नाकाखाली एकमेकींना छेदून. टायरवर लोड इंडेक्स असतो: ८८ म्हणजे ५६० किलो. दोन चाकांवर १,१०० किलोच्या ट्रेलरला तो जेमतेम, ९१ म्हणजे ६१५ वाला घ्या. टायरवरचे चार अंक '१४२३' असे असतील तर तो २०२३च्या चौदाव्या आठवड्यातला. नव्या ट्रेलरला जुने टायर लागलेले आम्ही स्वतः पाहिले. चाकांचे नट पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे.

पाण्यासाठी माझा एकच आग्रह: छतावर अर्धा तास पाइपने पाणी सोडा आणि आतून प्रत्येक कोपरा, खिडकीखालची प्लाय अंगठ्याने दाबून बघा. लोणावळ्याचा पाऊस झेलायचाय त्याला. आमच्या छताच्या व्हेंटखाली ओल सापडलीच.

गॅसच्या प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावायचा. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी जाळी हवी, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. बाहेरून घेतलेल्या २३० व्होल्टच्या लाइनवर ईएलसीबी किंवा आरसीसीबी असलाच पाहिजे. त्याचं टेस्ट बटण दाबा, फटकन पडला पाहिजे. पत्र्याची गाडी, ओलं गवत, अनवाणी पाय आणि कॅम्पसाइटवरचं बेभरवशाचं अर्थिंग, यात कंजुषी नको.

कागदपत्रं लवकर आटपतात: चासी नंबर प्लेटवर आणि कागदावर एकच हवा, ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी हवी, आणि मोटर वाहन कायद्याच्या कलम ६१प्रमाणे ट्रेलरवर त्याच्या नंबराशिवाय ओढणाऱ्या गाडीचाही नंबर लागतो. विमा कंपनीला ट्रेलर जोडणार असल्याचं कळवून उत्तर लेखी ठेवा.

दादाच्या ट्रेलरला आता ब्रेक बसतायत, त्यांचं वजन तीसेक किलो. ते भरून काढायला लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या जाऊन लिथियमच्या येणार, त्यात साठेक किलो वाचतील. पण बॅटऱ्या पुढच्या बाजूला होत्या, म्हणजे नाक पुन्हा हलकं होणार आणि तिन्ही वजनं परत करावी लागणार. काटेवाल्याला सांगून ठेवलंय. हप्ता अजून दिलेला नाही. गणपतीला आत्या कोकणात गेली ती एसटीने.