स्थानिक सार्वजनिक धोरणांच्या सामाजिक व्यय-लाभाचे मापन : एकलहरे औष्णिक विद्युत केंद्राच्या संदर्भात

प्रस्तावना

शासनाचा कोणताही निर्णय सर्वांना सारखाच हितकारक ठरत नाही. धरणाचे पाणी एका तालुक्याला मिळते आणि जमीन दुसऱ्या तालुक्याची बुडते. रस्ता शहराला जवळ आणतो, परंतु शेताचे दोन तुकडे करतो. अशा निर्णयांची योग्यता ठरविण्यासाठी अर्थशास्त्रात सामाजिक व्यय-लाभ विश्लेषणाची पद्धती विकसित झाली. नाशिक तालुक्यातील एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्राच्या आधारे ही पद्धती स्पष्ट करणे आणि स्थानिक पातळीवर तिचा उपयोग करताना कोणती दक्षता घ्यावी याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना व पार्श्वभूमी

खाजगी उद्योजक केवळ स्वतःचा खर्च व स्वतःचे उत्पन्न पाहतो. सामाजिक विश्लेषणात मात्र समाजातील प्रत्येक घटकावर होणारा परिणाम हिशेबात धरावा लागतो. बाजारात ज्याची किंमत ठरत नाही अशा शुद्ध हवा, नदीचे पाणी, आरोग्य इत्यादी बाबींनाही मूल्य द्यावे लागते. बाजारातील किंमत समाजाच्या दृष्टीने खरी नसेल तेथे 'छाया किंमत' वापरली जाते.

या विचाराचा आरंभ फ्रेंच अभियंता ज्यूल द्युप्युई यांच्या १८४४ मधील लेखनापर्यंत नेता येतो. निकोलस काल्डोर व जॉन हिक्स यांनी १९३९ मध्ये भरपाईचे तत्त्व मांडले. धोरणामुळे ज्यांचा लाभ झाला ते ज्यांची हानी झाली त्यांना पूर्ण भरपाई देऊनही फायद्यात राहू शकत असतील, तर धोरण समाजहिताचे मानावे, असे हे तत्त्व सांगते. भरपाई प्रत्यक्षात दिली जावी अशी अट मात्र त्यात नाही. पुढे १९७२ मध्ये पार्थ दासगुप्ता, स्टीफन मार्ग्लिन आणि अमर्त्य सेन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेसाठी प्रकल्प-मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. त्यांत उत्पन्नाच्या वाटणीलाही स्थान देण्यात आले.

महाराष्ट्रात या परंपरेचे मूळ गोदावरीच्याच काठी सापडते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणीपट्टीच्या उत्पन्नावरून कालव्याची उपयुक्तता ठरविणे अपुरे आहे, हा या पाहणीमागील विचार होता. गोदावरी कालवे निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर येथून निघतात. एकलहरे याच नदीवर त्याच्या वरच्या बाजूस आहे.

एकलहरे केंद्र : लाभाची बाजू

एकलहरे येथील १४० मेगावॅटचे पहिले दोन संच १९७०-७१ च्या सुमारास कार्यान्वित झाले. ते आता निवृत्त झाले आहेत. १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. त्यांची एकत्रित क्षमता ६३० मेगावॅट होते. २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन झाल्यावर केंद्र महानिर्मिती कंपनीकडे आले.

केंद्राचा मुख्य लाभ वीज हा आहे, आणि तो राज्याच्या विद्युतजालामार्फत दूरवर विखुरला जातो. स्थानिक लाभ वेगळे आहेत. कायम व कंत्राटी रोजगार, कामगार वसाहत, तिच्यावर अवलंबून असलेली दुकाने, वाहतूक आणि दुरुस्तीची कामे हे त्यांतील प्रमुख होत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२५ अन्वये कारखान्याकडून करांऐवजी ठोक रक्कम घेण्याचा करार ग्रामपंचायतीस करता येतो. असा करार असेल तेथे उद्योगाचा लाभ थेट गावाच्या निधीत उतरतो.

तथापि, वेतनाची संपूर्ण रक्कम सामाजिक लाभ म्हणून धरणे योग्य नाही. त्या कामगारास अन्यत्र जे उत्पन्न मिळाले असते ते वजा करावे लागते. पर्यायी रोजगार सहज उपलब्ध असलेल्या कुशल तंत्रज्ञाच्या बाबतीत हा निव्वळ लाभ कमी भरतो. ज्याला दुसरे काम नाही अशा कंत्राटी मजुराच्या बाबतीत तो जवळजवळ पूर्ण वेतनाइतका असतो.

व्ययाची बाजू : पाणी, राख आणि हवा

पाण्याचा हिशेब साध्या गणिताने करता येतो. केंद्र शासनाच्या डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने शीतकरण मनोरे असलेल्या जुन्या केंद्रांसाठी प्रति मेगावॅट-तास ३.५ घनमीटर ही पाणीवापराची कमाल मर्यादा ठरविली. या दराने ६३० मेगावॅट क्षमता दिवसभर पूर्णपणे चालल्यास सुमारे ५.३ कोटी लिटर पाणी लागेल. दरडोई १३५ लिटर या शहरी निकषाने हे पाणी सुमारे ३.९ लाख लोकांची एका दिवसाची गरज भागवू शकते. पाण्याची सामाजिक किंमत म्हणजे दिलेली पाणीपट्टी नव्हे. तेच पाणी अन्य उपयोगात आले असते तर मिळालेला लाभ, म्हणजेच संधी-व्यय, ही ती किंमत होय. २०१६ च्या वीजदर धोरणाने सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरणे बंधनकारक केले, ते याच विचारातून.

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. प्रति युनिट ०.७ किलो कोळसा व ३५ टक्के राख असे गृहीत धरल्यास पूर्ण क्षमतेच्या एका दिवसात सुमारे १०,५०० टन कोळसा जळतो आणि सुमारे ३,७०० टन राख निर्माण होते. सिमेंट व विटा बनविणाऱ्यांसाठी हीच राख कच्चा माल आहे. राख बंधाऱ्यालगतच्या शेतकऱ्यासाठी ती पिकावर व घरावर बसणारी धूळ आहे. एकच वस्तू एकाच्या खात्यात लाभ व दुसऱ्याच्या खात्यात व्यय म्हणून येते. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर प्रति टन १,००० रुपये पर्यावरणीय भरपाई ठरविली. वरील उदाहरणातील एका दिवसाची राख पूर्णपणे पडून राहिल्यास ही रक्कम ३७ लाख रुपये होते.

हवेच्या बाबतीत मूल्यमापन अधिक गुंतागुंतीचे आहे. २०२१ मध्ये औष्णिक केंद्रांचे तीन प्रवर्ग करण्यात आले. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापासून किंवा दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतील केंद्रे 'अ' प्रवर्गात येतात. २०२५ मध्ये 'क' प्रवर्गास काही अटींवर सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट मिळाली. 'अ' प्रवर्गावरील बंधन मात्र कायम ठेवण्यात आले. ठरावीक मुदतीपूर्वी निवृत्त होणार असल्याचे घोषित केलेल्या संचांनाही सवलत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक महानगरपालिकेची लोकसंख्या १४.८६ लाख होती, आणि एकलहरे हे महापालिका हद्दीतील नाशिकरोडच्या शेजारी आहे. यावरून एक गोष्ट लक्षात येते. धुराचे सामाजिक मूल्य येथे शेजारच्या शहराच्या लोकसंख्येवरून ठरते. मोठे शहर जवळ नसते, तर त्याच धुराने होणारी गावाची हानी नियमाच्या दृष्टीने गौण ठरली असती.

मापनातील तीन प्रश्न

पहिला प्रश्न हिशेबाच्या सीमेचा आहे. सीमा राज्याची घेतल्यास वीज हा लाभ मोठा दिसतो. ग्रामपंचायतीची घेतल्यास राख व रोजगार पुढे येतात. गोदावरी खोऱ्याची घेतल्यास नांदूर मधमेश्वरची पाणथळ भूमी आणि जायकवाडीपर्यंतचे पाणीवाटप यांचाही विचार करावा लागतो. नांदूर मधमेश्वर हे रामसर यादीतील महाराष्ट्राचे पहिले स्थळ आहे. सीमा बदलली की उत्तर बदलते, म्हणून ती आरंभीच स्पष्ट केली पाहिजे.

दुसरा प्रश्न काळाचा आहे. भविष्यातील रकमेचे आजचे मूल्य काढण्यासाठी वटाव दर वापरला जातो. तीस वर्षांनंतरच्या १०० रुपयांच्या हानीचे आजचे मूल्य १० टक्के दराने सुमारे ५.७० रुपये, तर ४ टक्के दराने सुमारे ३०.८० रुपये येते. राख बंधाऱ्याची देखभाल आणि भूजलावरील परिणाम दीर्घकाळ चालू राहतात. उंच वटाव दर घेतला की असे व्यय कागदावर जवळजवळ नाहीसे होतात.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटणीचा आहे. काल्डोर-हिक्स कसोटीनुसार एकूण लाभ अधिक असणे पुरेसे ठरते. परंतु विजेचा लाभ घेणारा मुंबई-पुण्यातील ग्राहक राख बंधाऱ्याजवळील शेतकऱ्यास आपणहून भरपाई देत नाही. केवळ शक्य असलेली भरपाई ज्याला मिळालीच नाही, त्याच्या दृष्टीने ती कसोटी निरर्थक आहे.

संच निवृत्त होण्याचा प्रश्न

केंद्राच्या निवृत्तीच्या वेळी वाटणीचा प्रश्न तीव्र होतो. कोळसा खाणींपासून दूर असलेल्या जुन्या संचांची वीज महाग पडते. स्वस्त विजेला प्राधान्य देण्याच्या पद्धतीत असे संच मागे राहतात. त्यांच्या जागी ६६० मेगावॅटचा नवा संच उभारण्याचा प्रस्ताव व त्याची मागणी अनेक वर्षे चर्चेत राहिली. राज्याच्या हिशेबात जुना संच बंद करणे ही बचत आहे. गावाच्या हिशेबात मात्र रोजगार, बाजार आणि ग्रामनिधीचे उत्पन्न हे लाभ एकदम थांबतात आणि साठलेली राख तशीच राहते. ज्या गावाने अर्धशतक व्यय सोसला, त्याच्याच वाट्याला बंद होण्याचाही व्यय येतो. याचा अर्थ महाग व प्रदूषण करणारे संच चालूच ठेवावेत असा नाही. बंद करण्याच्या निर्णयाचेही स्वतंत्र सामाजिक मूल्यमापन व्हावे, एवढाच त्याचा अर्थ आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने जमीन घेण्यापूर्वी सामाजिक परिणाम निर्धारण आवश्यक केले. उद्योग गुंडाळतानाही अशाच निर्धारणाची गरज आहे.

निष्कर्ष

१. स्थानिक धोरणाचे मूल्यमापन एकाच निव्वळ आकड्यात मांडू नये. कायम कामगार, कंत्राटी मजूर, शेतकरी, ग्रामपंचायत, शहरवासी व वीजग्राहक यांची स्वतंत्र खाती मांडावीत.

२. हिशेबाची सीमा व वटाव दर स्पष्टपणे नमूद करावेत आणि किमान दोन दरांनी निष्पत्ती तपासावी.

३. भरपाई प्रत्यक्षात कोणत्या मार्गाने दिली जाणार, हे धोरणातच लिहिलेले असावे. पर्यावरणीय भरपाईच्या रकमेचा काही भाग बाधित गावासाठी राखून ठेवण्याचा विचार व्हावा.

४. ही खाती मराठीत तयार करून निर्णयापूर्वी ग्रामसभेपुढे ठेवावीत. अर्थशास्त्र, भूगोल व रसायनशास्त्र विभागांच्या सहकार्याने परिसरातील महाविद्यालये धूळ, भूजल व रोजगार यांच्या नियमित नोंदी ठेवू शकतात. गाडगीळांच्या पाहणीचा पाया गावोगावच्या अशाच माहितीचा होता. एकलहरेबाबतचा पुढील निर्णय कोणताही असो, तो घेण्यापूर्वी या नोंदी उपलब्ध असणे आवश्यक आहे.