होडीची खिडकी आणि थिनरचा बोळा

मेकॅनिकलवाल्याला सगळं दुरुस्त करता येतं, असा घरच्यांचा ठाम समज असतो. त्याच भरवशावर गेल्या मे महिन्यात मामाने मला गोव्याला बोलावून घेतलं. त्याची एक जुनी फायबरची शिडाची होडी आहे. मुलाला घेऊन तो तीत समुद्रावर जातो. तिच्या डेकवरची हॅच, म्हणजे छतातली झाकणवजा खिडकी, पांढरट झाली होती. मी थिनरचा बोळा घेऊन ती चकाचक पुसली. संध्याकाळपर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा! मामा काही बोलला नाही. हेच जास्त लागलं.

परत आल्यावर लायब्ररी गाठली. ही खिडकी काचेची नसते, ॲक्रिलिकची (पीएमएमए) असते. वजन काचेच्या जवळपास निम्मं. उन्हात ती पॉलिकार्बोनेटसारखी लवकर पिवळी पडत नाही, पण तिचे हाल वेगळ्या तऱ्हेने होतात. अतिनील किरण पृष्ठभागावरच्या लांब साखळ्या तोडतात. ॲक्रिलिक थोडं पाणी शोषतं. ऊन पडलं की वरचा थर आधी सुकून आकसतो आणि ताणला जातो. वर्षानुवर्षं असं चाललं की बारीक भेगा पडतात. यालाच क्रेझिंग म्हणतात.

त्यात फ्रेमची भर. २ फुटांची (६०० मिमी) शीट ३५ अंशांनी तापली तर सुमारे १.५ मिमी वाढते. ॲल्युमिनियमची फ्रेम वाढते जेमतेम ०.५ मिमी. उरलेला १ मिमी जाणार कुठे? बोल्ट करकचून आवळले असतील तर सगळा ताण भोकांच्या कडांवर येतो. अशा ताणलेल्या ॲक्रिलिकला थिनर, ॲसिटोन किंवा स्पिरिट लागलं की भेगा झरझर पसरतात. म्हणजे माझा बोळा हे निमित्त. रोग जुनाच होता. (मामाला हे फोनवर तीनदा सांगितलं.)

मग करायचं काय? नुसता धुरकटपणा किंवा वरवरचे ओरखडे असतील तर ६०० पासून २००० नंबरपर्यंत पाणकागदाने ओलं घासायचं आणि शेवटी पॉलिश. पण भेग आत उतरली असेल तर घासून खिडकी दिसायला छान होईल, मजबूत नाही. डेकवर चालताना हॅचवर पाय पडतोच, आणि खवळलेल्या समुद्रात लाट थेट तिच्यावर आदळते. तिथे शीट बदलायचीच.

नवी शीट मी उल्हासनगरला एका साइनबोर्डवाल्याकडे पाहिली. 'एक्स्ट्रुडेड' स्वस्त पडते, पण क्रेझिंगला 'कास्ट' जास्त टिकते. जाडी जुनीइतकीच घ्यायची, कमी नाही. तिथूनच कापून घेतली आणि बदलापूर लोकलमध्ये लोकांच्या शिव्या खात हॉस्टेलवर आणली. बसवताना भोकं बोल्टपेक्षा मोठी ठेवली, चारी बाजूंना फट सोडली आणि न्यूट्रल सिलिकॉन भरलं. सिलिकॉन लवचीक असल्यामुळे तो १ मिमी पचवतं. शेवटचं म्हणजे होडी नांगरलेली असताना हॅचवर कापडी झाकण. सगळ्यात स्वस्त उपाय हाच.

याच गोव्यात, दिवाडी बेटावर 'म्हादेई' बांधली गेली. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असा पराक्रम करणारे पहिले भारतीय! अशा प्रवासात डोक्यावरची खिडकी किती मोलाची, ते सांगायला नको.

आपल्या अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत, वर्कशॉपमध्येही ॲक्रिलिकचे गार्ड असतात. पुढच्या वेळी ते पुसायला थिनरचा डबा उचलाल, तेव्हा माझी आठवण काढा. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं.

मामाने दिवाळीला पुन्हा बोलावलंय. थिनर मात्र कपाटात कुलूपबंद आहे म्हणे!