कामगाराचं मत राहत्या पत्त्यावर

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. त्यासाठी झगडणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्यातला. कामगाराला मताचा अधिकार नव्हता, त्या काळात, १८८४ मध्ये, त्यांनी साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं.

पुढे १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ पैकी ७ जागा कामगारांसाठी राखल्या. कामगार नेते कॉम्रेड डांगे १९४६ मध्ये अशाच जागेवरून निवडून आले. स्वतंत्र भारतात त्या जागा गेल्या आणि प्रत्येक प्रौढाला मत मिळालं. कमाई मोठीच होती. पण मतदार आता केवळ राहत्या पत्त्यावरून ओळखला जाऊ लागला. गिरणगावात त्याने फारसं बिघडलं नाही, कारण चाळ आणि गिरणी एकाच वस्तीत होती. म्हणून तर गिरणी कामगारांच्या मोठ्या संपानंतर, १९८४ मध्ये, त्या संपाचे नेते दत्ता सामंत तिथून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले.

डोंबिवली-कल्याणचं तसं नाही. एका मजल्यावरचे चौघे चार दिशांना कामाला जातात: कुणी अंधेरीला सिक्युरिटीत, कुणी महापेला, कुणी ठाण्यात वागळे इस्टेटला, कुणी इथल्याच एमआयडीसीत ठेकेदाराकडे. चौघांचा मालक वेगळा, पगाराचं दुखणं वेगळं. सामायिक काय, तर पाणी, रस्ता आणि गर्दीची लोकल. प्रचारही त्यावरच होतो. इथली राजकीय शिडी गेटवरच्या युनियनची नाही, वॉर्डातल्या शाखेची आहे. रिक्षा चालवलेले एकनाथ शिंदे त्याच शिडीने १९९७ मध्ये नगरसेवक, २००४ मध्ये आमदार आणि २०२२ मध्ये मुख्यमंत्री झाले. कष्टकरी माणूस वर पोचतो, हे त्यातून दिसतंच. पण कामाच्या जागेचा प्रश्न त्या वाटेने सभागृहात पोचेलच असं नाही.

२० मे २०२४ रोजी कल्याणमध्ये लोकसभेसाठी मतदान झालं. २३ मे रोजी डोंबिवली एमआयडीसीतल्या अमुदान कंपनीत स्फोट होऊन दहाहून अधिक माणसं गेली. कारखाने हलवा, ही रहिवाशांची मागणी रास्त होती आणि ती लगेच ऐकली गेली, कारण रहिवासी इथले मतदार आहेत. पण ज्या कंत्राटी कामगाराचं नाव अजून गावाकडच्या यादीत आहे, त्याच्या सुरक्षेसाठी आणि रोजगारासाठी इथल्या कुठल्या उमेदवाराने भांडायचं?

आणि त्याने स्वतःच उभं राहायचं म्हटलं तर? लोकसभेची अनामत २५ हजार, खर्चाची मर्यादा ९५ लाख. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देणं कायद्याने मालकाला बंधनकारक आहे. प्रचारासाठी रजा मात्र हक्काची नाही. खाडे झाले की ठेकेदार दुसरा माणूस घेतो. ही अडचण दूर करण्याची सुरुवात महापालिका निवडणुकीपासून करता येईल. अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत बिनपगारी का होईना, पण हक्काची रजा आणि परतल्यावर तीच नोकरी, एवढं कायद्यात लिहायला हवं.