मोटारीतला पिवळा दिवा

बैलगाडीच्या चाकाची धाव सैल झाली की चाक बोलू लागते. खडखड ऐकून गाडीवान खाली उतरतो. हवेचे रबरी चाक मात्र बोलत नाही. हवा हळूहळू जाते, आणि आत बसलेल्यांना पत्ताही लागत नाही.

म्हणून हल्लीच्या पुष्कळ मोटारींत एक पिवळा दिवा असतो. घोड्याच्या नालासारखी आकृती, खाली दातेरी रेघ, आणि मधे उद्गारचिन्ह. असा दिवा लागला तर समजा, कोणत्या तरी चाकात हवा कमी आहे.

आता असे धरा, की तुम्ही साक्रीहून नवापूरला लग्नाला निघालात. गाडीत सात माणसे, वर सामान. दहिवेल मागे पडले आणि दिवा लागला. पुढे कोंडाईबारीचा घाट. कोणी म्हणेल, "चालू द्या हो, पोचल्यावर बघू." एखादा शहाणा तर दिव्यावर टिकली चिकटवायला सांगेल! तसे करू नका. हवा कमी झाली की टायरच्या बाजू दर फेऱ्याला दबतात आणि वाकतात. तार वरचेवर वाकवली की ती हाताला गरम लागते ना? तसेच टायर तापते. त्यात वैशाखाचे ऊन, भरलेली गाडी आणि वेग. मग आतले धागे सुटतात आणि टायर फुटते. घाटात फुटले तर गाडी आवरत नाही.

दिवा लागला तर घाबरून एकदम ब्रेक दाबू नका. वेग हळूहळू कमी करा. रस्त्याच्या डाव्या कडेला, वळण सोडून, सपाट जागी थांबा. पोरांना रहदारीच्या बाजूने उतरू देऊ नका. चारी चाके बघा. एखादे बसलेले दिसले तर गाडी तशीच पुढे नेऊ नका, चाक बदला. सगळी ठीक दिसली तरी सावकाश जवळच्या पंपावर जा आणि हवा मापून घ्या. नुसत्या डोळ्याला हवा कळत नाही. लाथ मारून तर मुळीच कळत नाही!

हवा किती भरायची? ड्रायव्हरचे दार उघडा. बहुतेक गाड्यांत तिथे खांबावर आकडा लिहिलेला असतो. भरल्या गाडीचा आकडा निराळा असतो, तोही पाहा. टायरवर जो मोठा आकडा असतो, तो जास्तीत जास्त हवेचा. तेवढी भरू नये. हवा मापायची ती टायर थंड असताना. चालून आलेल्या टायरात आकडा तीन-चार पौंड जास्त दिसतो. तो पाहून हवा सोडू नका.

पौषातल्या पहाटे दिवा लागतो आणि दुपारी आपोआप विझतो. त्यात भुताटकी नाही. थंडीने हवा आकसते. दहा अंश थंडी वाढली की दीड-दोन पौंड हवा कमी भरते. पण दिवा लागला याचा अर्थ मुळात हवा कमीच होती. थंडीत ती भरून घ्यावी.

काही गाड्यांत चाकाच्या आत एक छोटे यंत्र असते. ते हवा मापून बिनतारी निरोप पाठवते. काहींत फेरे मोजतात. हवा गेलेले चाक किंचित बुटके होते. बुटक्या माणसाला उंच माणसाबरोबर चालताना पावले जास्त टाकावी लागतात, तसे त्या चाकाचे फेरे जास्त होतात. पण चारी चाकांची हवा सारखीच कमी झाली, तर ही दुसरी युक्ती फसू शकते. अशा गाडीत हवा भरल्यावर बटण दाबून गाडीला तसे कळवावे लागते. गाडी सुरू करताना दिवा मिनिटभर लुकलुकला आणि मग तसाच राहिला, तर बिघाड त्या यंत्रणेतच आहे. ती मेकॅनिकला दाखवा.

आणि हा दिवा फार उशिरा जागा होतो. पुष्कळ गाड्यांत पाव हिस्सा हवा गेल्यावरच तो लागतो. बत्तीसचे चोवीस झाले, तेव्हा कुठे! म्हणून महिन्यातून एकदा आणि लांब जाण्याआधी हवा पाहावी. स्टेपनीचीही पाहावी. बहुतेक गाड्यांत दिवा तिच्यावर नजर ठेवत नाही. २०२० साली केंद्र सरकारने नियम बदलला. हा दिवा, ट्यूब नसलेली टायरे आणि पंक्चर काढायचे सामान असेल, तर लहान मोटारीला स्टेपनी नसली तरी चालते. तेव्हा नवी गाडी भाड्याने ठरवाल, तर निघण्यापूर्वी मागचे झाकण उघडून आत काय आहे ते बघून घ्या.