नौकेचा तळ आणि नौकेची चाल

यांत्रिक नौका विकत घ्यावयास निघालेला मनुष्य पहिला प्रश्न विचारतो तो यंत्राच्या अश्वशक्तीचा. तळाची चौकशी सहसा कोणी करीत नाही. तो पाण्याखाली दडलेला असतो. परंतु खवळलेल्या पाण्यातून माणसे सुखरूप परतणार की नाही, हे पुष्कळदा तळाच्या आकारावर ठरते.

संथ चालणारी होडी पाणी दुभंगून वाट काढते. तिच्या पुढे एक लाट उठते, मागे दुसरी. वेग वाढला की या दोन लाटांमधल्या खळग्यातच ती अडकून पडते. पाण्याच्या रेषेवर 25 फूट भरणाऱ्या होडीची ही मर्यादा तासाला अवघी 12 किलोमीटरच्या आसपास येते. ती ओलांडावयाची तर नौकेने पाण्यावर चढले पाहिजे. नाळ किंचित उचलून वेगाने जाणाऱ्या तळाला पाणीच वर ढकलते. मुलांनी तळ्यात फेकलेली चपटी ठिकरी टप्पे घेत जाते, त्यातलाच हा प्रकार.

या कामाला सपाट तळ सोयीचा. तो थोड्या शक्तीत वर येतो आणि धक्क्याशी उभा असताना फारसा डुलत नाही. मात्र समुद्रात लाटेवरून उतरताना तो फळीसारखा आपटतो. अशा आदळआपटीत माणसांच्या पाठीचे मणकेही दुखावले आहेत. म्हणून नौकाकार पुढचा तळ धारदार ठेवीत आणि मागे तो सपाट करीत नेत. समोरून लाटा येत तोवर ही तडजोड बरी चाले. लाटा पाठीमागून आल्या, की पुढची धार पाण्यात रुते, सपाट मागला भाग लाटेवर उचलला जाई आणि सुकाणू कितीही फिरविले तरी नौका गर्रकन आडवी होई. आडव्या नौकेला पुढची लाट पालथी घालू शकते. मांडवीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असताना परतणाऱ्या नौकेला भय असते ते हेच.

अमेरिकन नौकाकार रेमंड हंट यांनी तळाचा पाचरीसारखा आकार थेट मागल्या टोकापर्यंत कायम ठेवला. तळाच्या दोन्ही बाजू आडव्या पातळीशी सुमारे 24 अंशांचा कोन करीत, आणि त्यांवर लांबीच्या दिशेने बसविलेल्या अरुंद पट्ट्या नौकेला उचलण्यास साहाय्य करीत. 1960 साली मायामी ते नासाऊ या शर्यतीत रिचर्ड बर्ट्रम यांची याच आराखड्याची ‘मॉपी’ ही नौका वादळी समुद्रातून पहिली आली. तेव्हापासून वेगवान सागरी नौकांचे तळ पालटले.

ही सुरक्षितता फुकट मिळत नाही. पाचरीच्या तळाला पाण्यावर चढावयास अधिक शक्ती लागते, इंधनही अधिक जळते. थांबलेली नौका डुलते. चार माणसे एका कडेला गेली की कलते. नवख्या उतारूला तीच धोक्याची वाटते! वळताना मात्र ती सायकलस्वारासारखी आतल्या अंगाला झुकते. सपाट नौका बाहेर घसरत जाते, आणि तिच्या तळाची टोकदार कड पाण्यात अडकली तर ती उलटूही शकते.

अर्थात नाळेकडे गर्दी झाली तर पाचरीची नौकाही पुढून रुतते. लाटा पाठीमागून येत असतील तेव्हा तांडेलाने पुढच्या उतारूंना मागे बोलवावे आणि वेग असा राखावा की नाळ पुढच्या लाटेत शिरणार नाही.